दहाने चुकलेली तीन झाडं

१

कपाट उघडलं आणि वरचा कप्पा रिकामा निघाला.

कप्पाभर धुळीचा थर होता आणि मधोमध एका मोठ्या वहीच्या मापाचा स्वच्छ चौकोन. पाच वर्षं जी वही तिथं ठाण मांडून बसली होती, ती दोन-चार दिवसांपूर्वीच कुणीतरी उचलली होती.

"इथंच असायची," कुलसचिव म्हणाले. उद्यान विभागाच्या त्या पत्र्याच्या खोलीत दाराशी मुख्य माळी उभे होते. त्यांच्याकडे मान वळवून कुलसचिवांनी विचारलं, "कपाटाची किल्ली कुणाकडे असते, काका?"

"तुम्हाला माहीत आहे," माळीकाका म्हणाले.

"या बाईंना सांगा."

"माझ्याकडे. आणि दुसरी हरित कक्षात."

हरित कक्षाचे प्रमुख तिथंच होते. चाळिशीचे, परदेशात शिकून आलेले प्राध्यापक. त्यांच्या कपाळावर एकही आठी पडली नाही. "माझ्या ड्रॉवरमध्ये असते. पण मला ती वही घेऊन काय करायचंय? फोर थाउजंड एट हंड्रेड झाडं लावली आम्ही. नाइन्टी टू पर्सेंट जगली. एवढं चांगलं काम कोण लपवेल?"

बाई या विद्यापीठाच्या पर्यावरणकामाचं मूल्यमापन करायला बाहेरून आल्या होत्या. तीस वर्षं मातीचं शास्त्र शिकवलेलं, विद्यार्थ्यांनी पाठीमागे ठेवलेलं नाव 'फूटपट्टी', आणि ते नाव कानावर आल्यावरही त्यांना राग आला नव्हता. वीज, पाणी आणि कचरा तपासून झाला होता. राहिली होती झाडं. विद्यापीठाचं सगळं नाव त्या ब्याण्णव टक्क्यांवर उभं होतं. लावलेल्या प्रत्येक झाडाला नंबराचा पत्र्याचा बिल्ला होता, आणि कुठलं झाड कधी, कुठं लावलं, पुढं त्याचं काय झालं, ते सगळं त्या वहीत होतं.

कुलसचिवांनी खिशातून मोबाइल काढला आणि रिकाम्या कप्प्याचा फोटो घेतला. सकाळी त्यांनी बाईंच्या नेमणूकपत्राचा, ओळखपत्राचा आणि चपलांवर आलेल्या चिखलाचाही घेतला होता. 'पुरावा म्हणून,' असं म्हणाले होते.

"वही बुधवार सकाळपर्यंत सापडली नाही तर माळीकाका निलंबित होतील," ते म्हणाले. "निवृत्तीला दोन महिने राहिलेत म्हणून मी डोळे मिटून घेणार नाही. विद्यापीठाची खोलीही सोडावी लागेल."

माळीकाका खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर मुख्य इमारतीसमोरची हिरवळ दिसत होती, ऐन उन्हाळ्यात डोळ्यांना टोचेल इतकी हिरवी.

"वही नसली तरी झाडं आहेत," प्राध्यापक म्हणाले. "नंबर काढा आणि शोधा."

"तेच करणार आहे," बाई म्हणाल्या.

पाहुण्यांच्या खोलीत पंखा बंद होता. दुरुस्तीला माणूस येणार होता, तो आला नाही. घाम पुसत बाईंनी कापडी पिशवीतून आकड्यांच्या सोंगट्या एकेक काढल्या आणि चार-चार आकडे जोडून साठ नंबरांची यादी केली. खाली कार्बन घालून लिहिली, म्हणजे दोन्ही प्रतींत कान्यामात्रेचा फरक नको. एक प्रत आपल्या झोळीत टाकली. दुसरी पाकिटात घालून, चिकटवून, तोंडावर आडवी सही केली. ही प्रत आदल्या दिवशी विद्यापीठाकडे ठेवायची, म्हणजे 'बाईंनी मागाहून नेमकी मेलेली झाडं निवडली' असं कुणी म्हणू नये. हा नियम त्यांनी स्वतःच केलेला होता. वीस वर्षं तो कधी अंगाशी आला नव्हता.

कुलसचिवांच्या बाहेरच्या खोलीत एक लाकडी पेटी होती. कार्यालयातल्या सगळ्यांनी सकाळी मोबाइल तिच्यात टाकायचे, संध्याकाळी घरी जाताना परत घ्यायचे. पेटीशेजारी टेबलावर साधा फोन आणि विजेची किटली होती. टेबलामागे तिशीची एक किरकोळ अंगाची बाई बसली होती.

"ही माझी सहायक," कुलसचिव म्हणाले, आणि एखादं व्यंग दाखवावं तसं पुढं म्हणाले, "आपल्या माळीकाकांची सून."

सुनेनं पाकीट घेतलं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. बाईंकडे बघून हसली नाही. साडेचार वाजले होते. कुलसचिव बैठकीला निघाले. जाता जाता म्हणाले, "पाचनंतर बाहेरच्या माणसाला परिसरात एकट्यानं फिरता येत नाही. सकाळी आठला या."

२

मंगळवारी बाईंबरोबर एक सुरक्षारक्षक दिला होता. तो मदतीला नव्हता, लक्ष ठेवायला होता, आणि त्यानं ते लपवलंही नाही.

झाडं अठ्ठेचाळीस पट्ट्यांत लावली होती, एकेका पट्ट्यात शंभर. पट्ट्याच्या तोंडाशी नंबरांची पाटी. पट्ट्यांत जुनी झाडं होती, आपोआप वाढलेली होती, झुडपं होती. नवं कुठलं नि जुनं कुठलं हे बिल्ल्यावरूनच कळायचं. बाई पहिल्या पट्ट्यात शिरल्या तेव्हा त्यांना वाटलं, शंभर बिल्ले काही दिसत नाहीत. मोजले तर सदतीस भरले.

प्राध्यापक आपल्या बॅटरीच्या गाडीतून मागोमाग आलेच होते. "बिल्ले पडतात," ते गाडीतूनच म्हणाले. "वारा असतो, मुलं ओढतात. झाड असतं, बिल्ला नसतो. तुमच्या यादीतले काही दिसले नाहीत तर त्याचा अर्थ झाड मेलं असा धरू नका."

"धरणार नाही," बाई म्हणाल्या.

पण यादीतले दिसत होते. पहिल्या पट्ट्यातला दिसला, तिसऱ्यातले दोन्ही दिसले. दुपारी चारपर्यंत साठापैकी सत्तावन्न झाडं बिल्ल्यासकट सापडली, सगळी हिरवी. सुरक्षारक्षकाचाही चेहरा जरा सैल झाला. बाईंचा मात्र आवळत गेला.

शंभरातले साठ-पासष्ट बिल्ले पडतात, आणि माझ्या साठातले फक्त तीन पडतात. माझीच यादी त्या बिल्ल्यांना कुणी वाचून दाखवली?

त्या वळल्या आणि शेवटच्या झाडापाशी परत आल्या. खोड मनगटाएवढं होतं आणि बिल्ल्याची तार सालीत रुतेल इतकी घट्ट पिळलेली होती. त्यांनी ती बोटानं हलवून बघितली, हलली नाही. वर चार बोटांवर सालीत एक फिकट कडं होतं. तिथं बरीच वर्षं दुसरी तार सैल लोंबत असावी.

मग बाई मागच्या पावली पहिल्या पट्ट्यापासून पुन्हा चालायला लागल्या. सुरक्षारक्षक पाय ओढत मागे. आता त्या नंबर बघत नव्हत्या, तार बघत होत्या. सैल तार असेल तर पुढे. घट्ट असेल तर आपल्या टिपणवहीत नोंद.

ऊन उतरेपर्यंत घट्ट तारेची छत्तीस झाडं सापडली. त्यातली तेहतीस यादीतली होती.

तीन यादीत नव्हतीच.

बाई पट्ट्याच्या कडेला दगडावर बसल्या आणि दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या. यादीतले न सापडलेले तीन नंबर: १३५९, २१७९, ४०२९. यादीत नसून घट्ट तारेनं बांधलेले तीन नंबर: १३६९, २१८९, ४०३९.

तिन्हींत बरोबर दहाचा फरक होता.

३

"तुम्ही चौथ्या," माळीकाका म्हणाले. ते रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरत होते आणि बाईंना बसा म्हणाले नाहीत. "आधी तिघं येऊन गेले. हिरवळीवर फोटो काढले, जेवले, सह्या केल्या. तुमची सही कुठं राहिली?"

"मला एक तार बघून सांगा."

"मला वेळ नाही."

"तुम्हाला उद्या सकाळपर्यंतच वेळ आहे, काका."

ते उठले. उपकार केल्यासारखे चालत आले. पण जवळच्या पट्ट्यात ती घट्ट तार बघितली आणि त्यांच्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. खिशातली पक्कड काढून त्यांनी एका झटक्यात तार तोडली.

"हे कुणी केलं? झाड फुगतं हे त्या शहाण्याला माहीत नाही? वर्षभरात गळफास बसेल. मी दोन बोटं सैल ठेवतो. एकोणतीस वर्षं ठेवतोय."

"मला वाटलंच, तुमचा हात नाही," बाई म्हणाल्या. "ज्यानं बांधलं त्याला झाडातलं काही कळत नाही. पण हे बिल्ले त्याला मिळाले कुठून?"

माळीकाका तोडलेला बिल्ला तळहातावर धरून बघत राहिले. मग तरातरा पत्र्याच्या खोलीकडे निघाले. कपाटाच्या खालच्या कप्प्यात बिस्किटांचा एक मोठा डबा होता. बाईंनी तो काल बघितला होता आणि खिळ्यांचा समजून सोडून दिला होता. काकांनी झाकण काढलं. डबा भरलेला होता, बिल्ल्यांनी.

"झाड मेलं की बिल्ला काढून मी यात टाकतो," ते म्हणाले. "शनिवारी मी रांगेनं लावून ठेवले होते. आता बघा, सगळे उलटेपालटे. कुणीतरी उपसलाय डबा."

"म्हणजे यात जो आहे तो मेला."

"अर्थात."

"मग चोराचं काम सोपं होतं. यादीतला नंबर डब्यात सापडला की झाड मेलेलं. तोच बिल्ला घ्यायचा, त्याच पट्ट्यातल्या एखाद्या जिवंत झाडाचा बिल्ला काढायचा, आणि हा बांधायचा. डब्यात नाही सापडला तर झाड जिवंत, तिथं हात लावायला नको." बाईंनी खाली बसकण मारली. "मला तीन नंबर शोधून द्या. तेराशे एकोणसाठ, एकवीसशे एकोणऐंशी आणि चार हजार एकोणतीस."

दोघं समोरासमोर जमिनीवर बसून बिल्ले चाळत राहिले. अर्ध्या तासात तिन्ही सापडले.

"मेलेली झाडं, माझ्या यादीत असलेली, आणि तरी चोरानं यांना हात लावला नाही," बाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी तुम्ही कुठं होतात?"

"सुरक्षा कार्यालयात. जबाब द्यायला बसवलं होतं, पाच ते साडेसात."

"कुणी बसवलं?"

"प्राध्यापकसाहेबांनी तक्रार दिली होती."

"एकूण किती झाडं मेली, काका?"

"त्याला वही लागेल."

"वही कुठं आहे?"

माळीकाकांनी डब्याचं झाकण लावलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि बाईंना कळलं की हा माणूस खोटं बोलायला शिकलेला नाही.

४

पाकीट कुलूपबंद होतं तसंच होतं. सुनेनं ते काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी उजेडाकडे धरलं. तोंडावरच्या सहीच्या दोन भागांत केसाएवढी फट होती आणि कागदाला बारीक लाटा आल्या होत्या, वाफ लागून वाळलेल्या कागदाला येतात तशा.

"हे कुणी उघडलं?"

"मला काय विचारता?" कुलसचिव खुर्चीत मागे रेलले. "किल्ल्या दोन. एक माझी, एक हिची. मी काल साडेचारपासून कुलगुरूंच्या बैठकीत होतो, नऊ माणसं साक्षीला आहेत. आणि मला यादी कुणाला द्यायची असती, तर एक फोटो काढून पाठवली असती. वाफेवर पाकिटं उघडायला मला वेळ नाही."

ते उर्मटपणे बोलले, पण खोटं बोलले नाहीत असं बाईंना वाटलं. त्यांनी सुनेकडे बघितलं. ती किटलीतलं पाणी पेल्यात ओतत होती आणि पेला भरून वाहायला लागला तरी थांबली नव्हती.

प्राध्यापक बोलावल्याबरोबर आले. उभ्या उभ्या बोलले. "तुम्ही उगाच साप म्हणून भुई धोपटताय. बिल्ल्यांचा डबा कुणाच्या कपाटात? सासऱ्याच्या. पाकीट कुणाच्या कपाटात? सुनेच्या. वही कुणाच्या ताब्यातून गेली? पुन्हा सासऱ्याच्या. यांनी झाडं मारली, आणि ते झाकायला घरातल्या घरात हा उद्योग केला. दोघं एका छपराखाली राहतात, रात्री जेवताना ठरलं असेल."

"आणि तुम्ही काल संध्याकाळी?"

"माझ्या खोलीत. लेख लिहीत होतो."

"साक्षीला?"

"मला साक्षीदार लागत नाहीत, मॅडम. तुमच्या संस्थेच्या अध्यक्षांना मी चांगला ओळखतो."

बाईंनी ते उत्तर आपल्या टिपणवहीत लिहून घेतलं, शब्दाला शब्द. प्राध्यापकांच्या नाकाला पहिल्यांदा मिरच्या झोंबल्या.

कुलसचिवांनी ड्रॉवरमधून दोन कागद काढले आणि बाईंच्या समोर सरकवले. निलंबनाचे होते, टंकून तयार. एक माळीकाकांचा. दुसऱ्यावर सुनेचा हुद्दा होता. ती चार हातांवर उभी होती आणि तिला तिथूनही तो वाचता येत होता.

"उद्या दहाला बैठक आहे," कुलसचिव म्हणाले. "तुमच्याकडे दुसरं काही असेल तर तेव्हा बोला. नाहीतर मी सह्या करतो."

५

बुधवारी दहाला लांबट टेबलाभोवती चौघं बसले: कुलसचिव, प्राध्यापक, माळीकाका आणि कोपऱ्यात टिपणं घ्यायला सून. बाई उभ्या राहिल्या.

"काही झाडांबद्दल माझी हरकत आहे," त्या म्हणाल्या. "मी नंबर सांगते. प्रत्येकानं आपल्या हातानं कागदावर आकड्यांत लिहून घ्या आणि खाली सही करा. मागाहून वाद नको."

"आता यासाठी—" प्राध्यापकांनी सुरुवात केली.

"एक मिनिट लागेल. पाचशे बारा. अठराशे चव्वेचाळीस. सव्वीसशे एकोणचाळीस. तीन हजार एकोणसत्तर. पाच."

"पाच काय?" कुलसचिवांनी विचारलं.

"पाच नंबराचं झाड. संपलं. सह्या करा."

चार कागद गोळा झाले. बाईंनी ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि कुलसचिवांना जवळ बोलावलं. तीन कागदांवर तेच आकडे होते. माळीकाकांचं अक्षर वेडंवाकडं, पण आकडे बरोबर. प्राध्यापकांच्या सुंदर अक्षरात २६३९ च्या जागी २६४९ होतं आणि ३०६९ च्या जागी ३०७९.

"एकोणचाळीसचे यांनी एकोणपन्नास केले," बाई म्हणाल्या. "एकोणसत्तरचे एकोणऐंशी. यांनी आयुष्यभर आकडे इंग्रजीत म्हटले. 'एकोण' म्हणजे पुढच्या दहाला एक कमी, हे यांच्या कानाला माहीत नाही. चाळीस ऐकलं की चाळीसच्या घरात नऊ लिहून मोकळे. त्यात गुन्हा काही नाही. बऱ्याच जणांचं होतं."

प्राध्यापक हसले. "मराठी कच्चं आहे म्हणून मी चोर?"

"पूर्ण ऐका. माझ्या यादीत एकवीसशे एकोणऐंशी होतं. चोरानं एकवीसशे एकोणनव्वदचा बिल्ला बांधला. तेराशे एकोणसाठच्या जागी तेराशे एकोणसत्तरचा, चार हजार एकोणतीसच्या जागी चार हजार एकोणचाळीसचा. यादी आकड्यांत होती. समोर ठेवून कुणी नकलली असती तर सातचा आठ, पाचचा सहा आणि दोनाचा तीन, तिन्ही वेळा नेमक्या नऊच्या आधीच, कसा झाला असता? डोळ्याची चूक अशी शिस्तीत होत नाही. ही कानाची चूक आहे. यादी कुणीतरी मोठ्यानं वाचली, मराठीत. आणि ज्यानं ऐकून लिहून घेतली, त्याला एकोणऐंशी कळत नाही. माळीकाकांना कळतं, कागद समोर आहे. शिवाय ते तार दोन बोटं सैल बांधतात आणि त्या वेळी ते सुरक्षा कार्यालयात बसले होते. तुम्हीच बसवलं होतं, प्राध्यापक. डब्याच्या कपाटाची किल्ली तुमच्या ड्रॉवरमध्ये आणि पट्ट्यापट्ट्यांत फिरायला गाडी तुमच्या दाराशी."

कुलसचिवांनी सवयीनं मोबाइल काढला आणि चार कागदांचा फोटो घेतला. मग तोच मोबाइल हातात धरून बसले. आपण कशाचा पुरावा घेतला हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं असावं.

"वाचून कुणी दाखवली?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"ज्याच्यापाशी मोबाइल असतो तो फोटो पाठवतो. तुम्हीच म्हणालात. साठ नंबर तोंडानं वाचायची पाळी कुणावर येते? ज्याचा मोबाइल पेटीत आहे आणि टेबलावर साधा फोन आहे, त्याच्यावर." बाईंनी कोपऱ्याकडे बघितलं नाही. "उरलेलं मी सांगणार नाही. ज्याचं आहे त्यानं सांगावं."

कोपऱ्यात खुर्ची सरकली.

६

"मी वाचली," सून म्हणाली.

ती उभी राहिली होती आणि हातातली पेन्सिल तिनं नीट वहीच्या घडीत ठेवली.

"सोमवारी पाच वाजता यांचा फोन आला. म्हणाले, वही गेलीच आहे, आता झाडं मेलेली निघाली तर दोष माळ्यावर. सासऱ्यांना काढतील, खोली जाईल. तू फक्त नंबर वाच, बाकी मी बघतो, कुणाचं वाईट होणार नाही. मी किटलीवर पाकीट धरलं. वाचली. पाकीट पुन्हा चिकटवलं. काल संध्याकाळी यांनीच आमच्या दोघांची नावं पुढं केली तेव्हा कळलं, मी काय केलं ते."

"हिच्याकडे काही पुरावा आहे?" प्राध्यापक म्हणाले. पण त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नसता.

माळीकाका सुनेकडे बघत होते. बाईंना वाटलं, हा माणूस आता ओरडेल. ते उठले आणि बैठकीतून चालते झाले. दार उघडंच राहिलं. कुलसचिवांनी निलंबनाचे कागद ड्रॉवरमध्ये टाकले, पुन्हा काढले, पुन्हा टाकले. दहा मिनिटांनी काका परतले तेव्हा त्यांच्या खांद्यावर शेणखताची एक पिशवी होती. ती त्यांनी त्या चकचकीत टेबलावर उपडी केली. खतातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मोठी वही बाहेर पडली.

"मीच घेतली होती," ते म्हणाले. "शनिवारी हे प्राध्यापकसाहेब म्हणाले, वही आण, आपण स्वच्छ नवी लिहू. मी म्हटलं, नाही. मग लपवली."

"मला सोमवारी का दिली नाही?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीही सही करून जाल असं वाटलं. आता तरी नाही करणार, असं कुणी सांगितलंय?"

बाईंनी वही उघडली. अक्षर वाचायला कष्ट पडत होते, पण पाच वर्षांतला एक दिवस सुटला नव्हता. मेलेल्या झाडापुढं तांबडी फुली, आणि शेजारी एक ओळ. 'पाणी आलं नाही. टँकर हिरवळीवर.' 'पाहुणे येणार, टँकर हिरवळीवर.' 'सांगितलं. टँकर हिरवळीवर.' पानं उलटत जावीत तशी तीच ओळ. पंचवीसशे झाडं मेल्यावर काकांनी 'सांगितलं' लिहिणं सोडून दिलं होतं.

"कुणाला सांगितलं?" बाईंनी विचारलं.

माळीकाकांनी आधी प्राध्यापकांकडे बोट केलं, मग कुलसचिवांकडे.

संध्याकाळी बाईंनी अहवाल दिला. लावलेली झाडं अठ्ठेचाळीसशे, जिवंत सोळाशे नव्वद, कारण पाणी दुसरीकडे वळवलं. यादी फोडल्याची हकिगत लिहिली, आणि त्यात यादी आदल्या दिवशी ठेवायचा आपला नियम मूर्खपणाचा होता हेही लिहिलं. सुनेचं नाव गाळा, असं कुणी म्हटलं नव्हतं. सुनेनंही नाही. बाईंनी तिचा जबाब जसाच्या तसा जोडला, कुणी धमकावलं त्याच्यासकट.

कुलसचिवांनी अहवाल वाचला. "प्राध्यापकांकडून कक्ष काढून घेतो," ते म्हणाले. "त्यांची चौकशी लावतो. हिचीही लागेल. आणि हिरवळीचं पाणी... ते कुलगुरू ठरवतील. पण तुम्हाला हे विद्यापीठ पुन्हा बोलावणार नाही."

"हे पहिल्याच दिवशी पंख्यावरून कळलं होतं," बाई म्हणाल्या.

स्टेशनवर सोडायला गाडी नव्हती. झोळी खांद्याला लावून बाई मागच्या फाटकाकडे निघाल्या. रोपवाटिकेपाशी त्यांना सासरा आणि सून दिसले. त्या झाडाआड थांबल्या. चोरून ऐकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण पुढं गेलं तर बोलणं तुटलं असतं.

"माझ्या नोकरीसाठी तू खोटी झाडं उभी केलीस," माळीकाका म्हणत होते. "एकोणतीस वर्षं मी एक खोटी ओळ लिहिली नाही."

"झाडं आधीच मेली होती, बाबा," सून म्हणाली. "तुम्ही जिवंत होतात."

माळीकाकांनी हाताची माती झटकली. "तुझ्या नवऱ्याला काय सांगणार? शनिवारी ट्रक लावून घरी येईल."

"खरं सांगीन."

"मी आज तुझ्याशी बोलणार नाही. उद्याही नाही."

"नका बोलू."

ते वळून घराकडे निघाले. दहा पावलांवर थांबले, मागं न बघता उभे राहिले. सून चालायला लागली तेव्हा तेही चालायला लागले. तिनं त्यांना गाठलं नाही आणि त्यांनी पाऊल आवरतं घेतलं नाही. दोघं तसेच पुढे-मागे खोल्यांच्या रांगेपर्यंत गेले. काकांनी दार उघडलं, आत शिरले, आणि दार लोटून न घेता तसंच ठेवलं.